पाय माझा, डोळा शहाताचा

माझा डावा पाय काकांनी चारशे माणसांसमोर माफ करून टाकला, तेव्हा मी त्यांच्यापासून चार हातांवर खुर्चीत बसलो होतो. मला कुणी विचारलं नाही. पाय माझा, तुटला माझा, ठणकतो मला, आणि उदार कोण, तर काका. दुसऱ्याच्या जिवावर उदार होणारी माणसं आमच्या खोऱ्यात वांग्यांइतकीच उदंड पिकतात. पण तंबूतलं सांगण्याआधी रस्त्यावरचं सांगायला हवं.

मी पाटकरी. जॉर्डन नदीच्या खोऱ्यातला मोठा कालवा आमच्या गावावरून दक्षिणेला जातो, त्याच्या अकरा चाऱ्यांची दारं माझ्याकडे. कुणाच्या पाण्याची पाळी कधी आणि कोण शेजाऱ्याचं पाणी चोरतो, हे मला कागद न बघता ठाऊक असतं. कालव्याकडेचा रस्ता सपाट आहे, म्हणून सायकल. सतरा वर्षं मी त्या रस्त्यावर सायकल मारली, गाडीवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या आणि व्याजासकट परतही केल्या.

जानेवारीतली सकाळ होती. सातव्या चारीपाशी मी थांबलो होतो, सायकल दोन पायांत आणि हात दाराच्या चाकावर. मागून वांग्यांचे क्रेट लादलेली पिकअप आली. गाडी हाज रुश्दी या अडत्याची, चालवत होता त्याचा मुलगा सफवान. लिलावाच्या आत बाजार गाठायचा म्हणून त्याने एका ट्रॅक्टरला ओलांडलं आणि सरळ माझ्यावर आला. पिकअपचं नाक आणि दाराची लोखंडी चौकट, या दोहोंत माझा पाय सापडला. गुडघा फुटल्याचा आवाज मी स्वतः ऐकला, वाळकं लाकूड मोडावं तसा. मग सफवानने घाबरून गाडी मागे घेतली आणि जे काही उरलं होतं ते बंपरला अडकून फाटत गेलं. वांगी सगळीकडे घरंगळली, काही कालव्यात पडली, काही माझ्या रक्तात.

सफवान उतरला. त्याने आधी बंपर पाहिला, मग मला पाहिलं, मग दोन्ही हात डोक्यावर नेले. "अल्ला! अल्ला! हे काय झालं!" आणि गाडीत चढून तो निघून गेला. दवाखाना उत्तरेला होता, पोलीस चौकी दक्षिणेला. तो दक्षिणेला गेला.

परक्याला हा भेकडपणा वाटेल. आमच्यात ही शिकवण आहे. ज्याच्या हातून रक्त सांडलं त्याने मागे न बघता पोलिसांच्या भिंतीआड जायचं. कारण पहिले तीन दिवस रक्ताला उकळी असते. त्या तीन दिवसांत जखमी माणसाच्या भाऊबंदांनी समोरच्या घराण्याचं काहीही केलं तरी ते धरलं जात नाही. सफवानने बापाची शिकवण पाळली. अर्धा तास आधी आणला असता तर पाय वाचला असता, असं डॉक्टर मला नंतर तोंडावर म्हणाले.

पाय गेला, जीवही जायचा. पण कुणीतरी माझ्या मांडीला कचकन पट्टा आवळला. मला समोरचं दिसत नव्हतं, फक्त आवाज येत होता. इजिप्तच्या माणसाची बोली होती. "डोळे मिटायचे नाहीत, बाबा! शिव्या दे! मला शिव्या दे, पण झोपू नकोस!"

मी दिल्या. त्याच्या आईपासून सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आलो तेव्हा पांघरुणाखाली डावीकडे गुडघ्याच्या वरपासून सपाट होतं. माझी बायको तुहफा उशाशी बसून होती. रडून रडून तिचं तोंड सुजलं होतं, तरी तिने पहिलं वाक्य उच्चारलं ते असं: "सायकल मी घरी आणलीय. तिला काही झालेलं नाही." मला हसू आलं आणि टाके ओढले गेले.

दुपारी माझा चुलतभाऊ जदआन आला. हा काकांचा थोरला, याच्याच नावावरून काकांना सगळे अबू जदआन म्हणतात. अंगाने रेडा, डोक्याने वासरू. त्याच्या कपड्यांना धुराचा वास येत होता. हाज रुश्दीचं सगळं घराणं रात्रीच डोंगरावरच्या व्याह्यांकडे पळालं होतं आणि यांनी रिकाम्या घराच्या काचा फोडून अंगणातली दुसरी गाडी पेटवली होती. जदआनने कोटातून एक वस्तू काढून माझ्या छातीवर ठेवली. त्याच गाडीचा बाजूचा आरसा होता.

"तुझ्यासाठी आणला, भावा."

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण तेवढ्याने पोट भरलं नाही. नसलेल्या पायाची बोटं आगीत धरल्यासारखी जळत होती. मी आरसा उचलून भिंतीवर फेकला.

"फक्त आरसा?" मी म्हणालो. "चाळीस मिनिटं मी रस्त्यावर कुत्र्यासारखा पडलो होतो, आणि तू मला आरसा आणून देतोस? बांगड्या भर, बांगड्या!"

तुहफा म्हणाली, "गप्प बसा." मी गप्प बसलो नाही. जदआनचे कान लाल झाले. तो उठून गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी, उकळी संपायच्या आत, तो हाज रुश्दीच्या अडतीवर गेला. एक माणूस पाठमोरा उभा राहून शटर वर करत होता. अंगात सफवानचं तपकिरी चामडी जॅकेट होतं. जदआनने क्रेट ओढायचा लोखंडी आकडा उचलला, हाक मारली आणि तो वळताच तोंडावर घातला. डोळा जागच्या जागी गेला. मग खाली पाडून लाथा घातल्या, दोन बरगड्या मोडल्या. तो माणूस ओरडत होता ती बोली ऐकून जदआनचा एक साथीदार म्हणाला, "अरे थांब, हा तर त्यांचा इजिप्तचा हमाल आहे!" सफवानचं जुनं जॅकेट त्याला थंडीचं म्हणून मिळालं होतं. मालक पळाले तेव्हा वांग्यांना पाणी द्यायला आणि दुकान सांभाळायला त्याला एकट्याला मागे ठेवलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

"जॅकेट सफवानचं होतं, त्याला मी काय करू?" जदआन मला येऊन म्हणाला. या वेळी त्याने काही आणलं नव्हतं.

आता यातली गोम अशी की उकळीची सूट समोरच्या घराण्यापुरती असते. हमाल घराण्यातला नव्हता. त्याचा डोळा रीतीत बसत नव्हता, तो थेट सरकारी कायद्यात बसत होता. जदआनवर गुन्हा दाखल झाला. त्या दिवसापासून काकांना झोप लागेना, हे मला फार उशिरा कळलं.

महिने गेले. मी दोन कुबड्यांवर अंगण ओलांडायला शिकलो. सरकारी दवाखान्यात मिळतो तो पाय वाकत नाही. वाकणारा, गुडघा असलेला, सायकलचं पॅडल मारता येईल असा पाय अकरा हजार दीनारांचा. तो बसला तर मी पुन्हा पाटकरी, नाही तर आयुष्यभर दारात बसून माश्या मारायच्या. गाडीचा विमा होता, म्हणून आम्ही रिहाबबाईंना वकील केलं. बाई लहानखुरी, पण बोलायला लागली की समोरचा उठून उभा राहतो.

"दैफल्ला, नीट ऐका," त्या म्हणाल्या. "दावा पक्का आहे. चूक त्याची, साक्षीदार ट्रॅक्टरवाला. फक्त एक करा. तुमच्याकडे दोन घराण्यांच्या समेटाचा तंबू पडणार. तिथे खुशाल जा, जेवा, गळाभेट घ्या. पण हक्क सोडल्याच्या कागदाला हात लावू नका. विमावाल्यांना तेवढंच हवं असतं."

"आणि घरातला मोठा माणूस माझ्या वतीने बोलला तर?"

"तुम्ही समोर बसून गप्प राहिलात आणि पाहुण्यांनी कॉफी प्यायली, म्हणजे समेट झाला, आणि साक्षीदार चारशे. मग मी काय कोर्टात रडू?"

काकांना मी हे सांगितलं. काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "बाळा, तंबूतलं तंबूत, कोर्टातलं कोर्टात. घराण्याची शोभा राहू दे. तू फक्त बस, बोलायचं मी बघतो."

ते गेल्यावर तुहफा म्हणाली, "तुमच्या काकांची मेजवानी मला माहीत आहे. मेंढी नेहमी शेजाऱ्याची असते."

"तोंड आवर. बापाच्या जागी आहेत ते."

"म्हणूनच सांगते."

मे महिन्यात तंबू पडला. सकाळी मला खुर्चीत आणून बसवलं तेव्हा पाहुणे यायचे होते. एक किडकिडीत माणूस प्लास्टिकच्या खुर्च्या मांडत होता. डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी होती. मी नजर वळवली. तोच माझ्याकडे आला, हसत.

"अल्लाची कृपा, चांगले दिसताय. मी शहाता, हाज रुश्दींकडचा. हाजने मदतीला पाठवलंय." मग जरा घुटमळून म्हणाला, "एक विचारू का? पट्टा परत मिळेल?"

"कसला पट्टा?"

"तुमच्या मांडीला बांधला तो. माझाच होता. त्या दिवशी मी मागे क्रेटांवर बसलेलो. सफवानने गाडी मागे घेतली तेव्हा क्रेटांबरोबर खाली आलो. त्याने पाहिलंच नाही, गेला निघून." तो पुन्हा हसला. "तेव्हापासून विजार सुतळीने बांधतोय. तुम्ही माझ्या आईला फार वाईट बोललात हो."

ज्या बोलीने मला जिवंत ठेवलं ती माझ्यासमोर उभी होती, एका डोळ्याने. आणि दुसरा डोळा कुठे गेला ते मला माहीत होतं. त्याला माहीत नव्हतं. त्याच्या लेखी तो जदआनने घेतला होता.

"तुझ्या खटल्याचं काय झालं?" मी कसंबसं विचारलं.

"आज होणार ना! हाज म्हणाले, तंबूत सगळं मिटतंय. तुमचे काका तुमचा पाय सोडणार, हाज माझी फिर्याद मागे घ्यायला लावणार. एकाच कागदात दोन्ही." तो शांतपणे सांगत होता, जसं मी पाण्याची पाळी सांगतो. "माझा कामाचा परवाना हाजच्या हातात आहे. मी कुठे नाही म्हणू? माझ्या मागे कुठलं घराणं आलंय तंबू ठोकायला?"

असं होतं तर. काकांचा मुलगा सुटणार, त्याची किंमत माझा पाय. सफवान सुटणार, त्याची किंमत शहाताचा डोळा. दोन म्हाताऱ्यांनी आमच्या अंगाचे तुकडे आपापसांत बदलून घेतले होते आणि वर मेजवानी आमच्याच नावाने होती.

दहा वाजता पाहुणे आले. शंभरेक गाड्या. सगळ्यांच्या पुढे पांढऱ्या दाढीचे, पांढऱ्या झग्यातले एक निवृत्त लष्करी अधिकारी, ज्यांना सगळे पाशा म्हणतात. त्यांच्या मागे हाज रुश्दी, त्याच्यामागे जामिनावर सुटलेला, मान खाली घातलेला सफवान. जदआन तंबूच्या खांबाला टेकून उभा होता, नवं कापड, केसांना तेल. पाशांच्या हातात कडू कॉफीचा कप दिला गेला. त्यांनी रीतीप्रमाणे तो न पिता समोर ठेवला.

"आम्ही मागायला आलोय," पाशा म्हणाले. "मिळालं तर पिऊ, नाही तर असेच उठू."

काका उभे राहिले. त्यांचा आवाज मोठा होता, आणि त्या दिवशी जरा जास्तच. "आमच्या मुलाच्या पायाचे आम्ही एक लाख दीनार ठरवतो!" तंबूत कुजबुज झाली. "त्यातले पंचवीस हजार देवाच्या नावाने सोडले!"

"अल्ला तुमचं भलं करो!" सगळे ओरडले.

"पंचवीस हजार पैगंबरांच्या नावाने सोडले! पंचवीस हजार राजासाठी! आणि उरलेले पाशांच्या या पांढऱ्या दाढीसाठी!"

मला दिसत होतं. घोटा गेला, पोटरी गेली, गुडघा गेला. मांडी दाढीला गेली. काकांचे डोळे भरून आले होते. स्वतःच्या मोठेपणाने त्यांना खरंच रडू येत होतं. बाजूला एकाने कागद आणि अंगठ्याच्या शाईची डबी तयार ठेवली होती.

"आमच्याकडून पाय माफ! प्या कॉफी!"

पाशांनी कप उचलला. तो ओठांना लागला असता तर संपलं असतं. मला बोलायचं होतं, पण घशातून आवाजच फुटेना. मी उजवी कुबडी उचलली आणि सगळा जोर लावून फेकली. कप पाशांच्या हातातून उडाला, कॉफी त्या पांढऱ्या झग्यावर पसरली, आणि चारशे माणसांचा तंबू गप्प झाला. मग आवाज आला.

"पाय माझा आहे!" मी ओरडलो. "सोडणारे तुम्ही कोण? आणि डोळा त्याचा आहे, त्या शहाताचा! तुम्ही पोराला सोडवायला माझा पाय विकताय, आणि हा हाज पोराला सोडवायला त्याचा डोळा! लाज असेल तर कागद वाचून दाखवा सगळ्यांना!"

काकांनी येऊन माझ्या कानशिलात भडकावली. खुर्ची उलटली. मी पडलो तो तुटक्या पायावर, आणि अंगातून वीज गेली. पाठोपाठ जदआन आला. त्याने माझीच दुसरी कुबडी उचलून माझ्या खांद्यावर हाणली. हाड मोडलं. मग बूट. त्याला नेमकी जागा माहीत होती, तो तुटक्या टोकावरच लाथा घालत होता, आणि भरलेली जखम फुटून विजारीतून रक्त येईपर्यंत थांबला नाही. "घराण्याचं नाक कापलंस! लंगड्या! घराण्याचं नाक!" मी त्याचा पाय धरून त्याला खाली ओढला आणि त्याचा कान दातांत पकडला. तोंडात रक्ताची चव आली तरी सोडला नाही. कुणी मला मारत होतं, कुणी त्याला ओढत होतं, माझ्याच रक्ताची माणसं माझ्या बरगड्यांवर उड्या मारत होती. कुणीतरी खांबाला धडकलं आणि तंबूची अर्धी कनात आमच्यावर कोसळली. अंधारात मी कान चावतच होतो. मला खूप बरं वाटत होतं, हेही खोटं बोलणार नाही.

कनातीखालून कुणीतरी मला काखेत धरून बाहेर ओढलं आणि पाठीवर टाकलं. उन्हात आल्यावर पाहिलं, तो सफवान होता. दोघातिघांनी त्याच्याही पाठीत काठ्या घातल्या, तरी त्याने मला खाली ठेवलं नाही. त्याने मला पिकअपमध्ये टाकलं. शहाता मागून धावत आला आणि माझ्या मांडीला सुतळी आवळू लागला. एका हाताने विजार धरली होती.

सफवानने गाडी सुरू केली.

"उत्तरेला ना?" त्याने विचारलं.

"उत्तरेला," मी म्हणालो.

दवाखान्याच्या दारात तो म्हणाला, "त्या दिवशी पण रस्ता हाच होता." आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून हमसाहमशी रडला. मला त्याला एक ठोसा मारायचा होता, पण खांदा उचलेना.

कॉफी सांडली म्हणून समेट मोडला, कागद फाटला. चारशे माणसांनी ऐकलेलं हाजला परत गिळता आलं नाही, म्हणून शहाताची फिर्यादही उभी राहिली. ती रिहाबबाईंनीच चालवली. माझा दावा वर्षअखेरीला लागला. विमावाल्यांनी तीनदा टाळाटाळ केली आणि तीनदा बाईंनी त्यांना कोर्टात उभं केलं. पाय आला. वाकणारा, गुडघ्याचा. पहिल्या दिवशी मी सायकलवरून दोनदा पडलो, तिसऱ्यांदा सातव्या चारीपर्यंत गेलो आणि तिथल्या लोखंडी चौकटीवर थुंकून परत आलो. काकांनी आमच्या घराचा उंबरा चढणं सोडलं. जदआनला दोन वर्षांची शिक्षा झाली. शहाताला भरपाई मंजूर झाली, आणि हाजने त्याला कामावरून काढलं.

जदआनच्या खटल्यात मीच मुख्य साक्षीदार होतो. शपथेवर सगळं खरं सांगितलं. आरसा आणला ते सांगितलं. नंतर येऊन काय म्हणाला ते सांगितलं. फक्त एक वाक्य सांगितलं नाही. जदआनने ते सांगितलं होतं, ओरडून सांगितलं होतं, "यानेच मला पाठवलं!" पण त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं. मी पायाकडे पाहिलं. तुहफा मागच्या बाकावर बसली होती, तिनेही मान खाली घातली. त्या रात्रीपासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

फेब्रुवारीत एका शुक्रवारी मी सायकल काढली आणि शहाताकडे गेलो. तो आता काकडीच्या प्लास्टिक हरितगृहांमध्ये कामाला होता, त्यांच्याच मागे पत्र्याच्या खोलीत राहत होता. सोबत त्याचा पट्टा नेला होता, धुऊन, तेल लावून.

"या, या!" तो खूष झाला. "पाय बघू! अरे वा, हा तर माझ्या पायापेक्षा चांगला आहे." पट्टा त्याने लगेच कमरेला बांधला. कॉफी त्याच्याकडे नसते. त्याने काळा चहा उकळला, चार चमचे साखर घातली आणि ग्लास माझ्यासमोर ठेवला.

मी तो उचलून परत खाली ठेवला.

वीस वर्षं आमच्यात राहिलेला माणूस. त्याला लगेच कळलं. त्याचं हसू हळूहळू गेलं.

"तुमचं माझ्याकडे काय मागणं असणार?" तो म्हणाला.

"जदआन आरसा घेऊन दवाखान्यात आला होता," मी म्हणालो. "मी त्याला म्हणालो, फक्त आरसा? बांगड्या भर म्हणालो. म्हणून तो दुसऱ्या दिवशी परत गेला. तुझा डोळा मी घेतलाय, शहाता. आकडा त्याचा, तोंड माझं."

बाहेर कुठेतरी पाण्याचा पंप चालू होता. शहाता माझ्याकडे एका डोळ्याने बघत राहिला. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"पट्टा बांधला तेव्हा," तो शेवटी म्हणाला, "मला माहीत नव्हतं तुम्ही कोण. आकडा लागला तेव्हा तुम्हालाही माहीत नव्हतं मी कोण. ते मी समजू शकतो. पण तंबूत तुम्हाला माहीत होतं. माझ्या नावाने ओरडलात. लोक म्हणाले, बघा, दैफल्ला गरिबासाठी मार खातोय. मीही म्हणालो. घरी पत्रात लिहिलं तसं."

"शहाता..."

"सफवान पळाला. पण पळून चौकीत गेला आणि म्हणाला, मी केलं. त्याला पाव तास लागला. तुम्हाला वर्ष लागलं."

त्याने माझ्यासमोरचा ग्लास उचलला, दारापर्यंत गेला आणि चहा बाहेर मातीत ओतला. मग ग्लास विसळून पालथा घातला.

मी उठलो. नवा गुडघा दाराशी अडखळला. त्याने हात दिला नाही, मीही मागितला नाही. सायकलवर बसलो. माझं घर उत्तरेला होतं, चौकी दक्षिणेला. मी दक्षिणेला निघालो.